टेम्पोतून परत आलेलं शिलाई मशीन

"टीचरबाई, ही तुमची पोरगी अन् हे तिच्या बापानं दिलेलं मशीन. दोघांतलं खोटं कोण, तेवढं सांगा."

शेवंताबाई आमच्या वर्गाच्या दारात उभ्या होत्या. मागे रस्त्यावर टेम्पो. टेम्पोत सतरंजीत गुंडाळलेलं पायमशीन. टेम्पोला टेकून, डोक्यावरचा पदर दातांत धरून उभी होती ती सुवर्णा, त्यांची सून. आदल्याच वर्षी ती माझ्या हाताखाली शिवण शिकून, सर्टिफिकेट घेऊन गेली होती. वर्गातली चांगली मुलगी. तिचा ब्लाउज उलटा करून पाहिला तरी सुलटा वाटायचा, इतकं आतलं काम स्वच्छ.

सई, ओंकार, परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, घरी शिवायला कुठलं मशीन घ्यावं?" तुम्ही पाठवलेले फोटो मी चष्मा लावून नीट पाहिले. एक तर इतक्या प्रकारचे टाके घालतं की त्यातले निम्मे मलाही ठाऊक नाहीत. उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण मी सगळी नोकरी सरकारी शिवणवर्गात काढली, आणि मशीन निवडण्यातली खरी गोष्ट मला कळली ती त्या टेम्पोच्या दिवशी. म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं सेंटर कर्नाटकातल्या हुमनाबादला, हायवेपासून जवळ. पुणे-हैदराबादच्या लॉऱ्या दिवसभर जायच्या आणि खिडकीची तावदानं थरथरायची. पण वर्गातली सगळी मशीनं एकदम चालू झाली की लॉऱ्या ऐकू येत नसत. खोलीला तेलाचा, नव्या मांजरपाटाचा आणि मुलींच्या केसांतल्या अबोलीचा मिळून एक वास होता. मी माप सांगायची मराठीत, शंका यायच्या कन्नडमध्ये, आणि चूक झाली की "या अल्ला" हे सगळ्याच जातीधर्माच्या मुली म्हणायच्या. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. परवा बसमधून जाताना मान वळवून पाहिलं. खिडक्या त्याच आहेत.

तर शेवंताबाई. निर्णा गावच्या. घरची शेती, तूर भरपूर. बाई उंच, आवाज त्याहून उंच.

"झालंय काय ते तरी सांगा," मी म्हटलं.

"काय व्हायचंय? शेजारच्या घरी लगीन हाय. हिनं खणाचे ब्लाउज घेतले शिवायला. मोठ्या ऐटीत घेतले. अन् मशीन टाकाच धरंना. एक टाका पडतोय, दोन सुटायलेत. कापड फुडं सरकंना. शेवटी त्या बायका कापड घेऊन गेल्या. जाताना म्हनल्या कशा, शेवंताबाई, तुमची सून कागदावरची टेलर हाय वो! माझ्या तोंडावर म्हनल्या!"

"सुवर्णा, तू काय म्हणतेस?"

सुवर्णानं एकदा सासूकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"ती काय बोलती?" शेवंताबाई म्हणाल्या. "आमचे मालक म्हनायलेत, इकून टाका मशीन, त्या पैशात म्हशीचं बगू. मी म्हनलं थांबा. टीचरबाईला दावते. त्या म्हनल्या पोरीला येत न्हाई, तर इकू. त्या म्हनल्या मशीन खोटं हाय, तर हिच्या बापाला बोलवू."

आता माझी अडचण बघा. मशीन खराब म्हटलं, तर सुवर्णाच्या वडिलांची मान खाली. त्यांनी गुलबर्ग्याहून निवडून आणलेलं, रुखवतात हार घालून मांडलेलं मशीन. मशीन चांगलं म्हटलं, तर पोरीला येत नाही असं ठरणार, आणि मशीनच्या जागी म्हैस येणार. मला म्हशीबद्दल काही आकस नाही. पण त्या मुलीचं शिवणं कायमचं बंद झालं असतं.

गडबड ऐकून आमचे सुपरिंटेंडंट साहेब बाहेर आले. मूळचे धारवाडकडचे, सुरुवात कन्नडमध्ये करून मग मराठी जपून बोलायचे.

"एनरी टीचर, काय भांडण?"

मी सांगितलं. त्यांनी लगेच निकाल दिला. "मशीन डिफेक्टिव्ह आहे म्हणून लिहून द्या. दुकानदार बदलून देईल. आपल्या सर्टिफिकेटचं नाव खराब नको."

"उघडून पाहिल्याशिवाय कसं लिहू, साहेब?"

"मग उघडा. पण जेवणाच्या सुट्टीपर्यंत संपवा. टेम्पो गेटात आहे, माझी स्कूटर आत आहे."

मशीन वर्गात आणलं. मुलींना मी कटिंगच्या खोलीत पाठवलं. सुवर्णाला म्हटलं, "स्टँडपाशी दुकान आहे, तिथून चौदा नंबरची सुई आण." सुया माझ्या कपाटात डबाभर होत्या. पण नवी सून समोर असताना सासूशी काही गोष्टी बोलता येत नाहीत, हे शिवणाच्या पुस्तकात नसलं तरी आमच्या भागात सगळ्यांना माहीत असतं.

मशीनचं पोट कसं असतं ते थोडक्यात सांगते. वरचा धागा सुईतून येतो. खालचा धागा बॉबिनवर गुंडाळलेला असतो, आणि बॉबिन बसते शटलमध्ये. शटल म्हणजे खालच्या धाग्याची छोटी लोखंडी कुपी, जी वरच्या धाग्याला पकडून गाठ घालते. घरगुती मशीनमध्ये ती पाळण्यासारखी अर्धी इकडे, अर्धी तिकडे झुलते, म्हणून हाफ शटल. टेलरच्या मोठ्या मशीनमध्ये ती पूर्ण गोल फिरते, ते फुल शटल. सुईखाली करवतीसारखे दाते असतात, ते कापड पुढे ढकलतात. यातलं काहीही अडलं की टाका सुटतो.

मी सुईकडची पत्र्याची पट्टी काढली. सुई किंचित वाकलेली. दात्यांमध्ये सोनेरी, राठ तंतू घट्ट बसलेले. शटल काढली तर तिच्या खोबणीतही तेच. चिमट्यानं एकेक तंतू ओढून मी पांढऱ्या कापडाच्या तुकड्यावर ठेवत गेले. शेवंताबाई आधी वाकून बघत होत्या. मग त्या सरळ झाल्या. मग स्टुलावर बसल्या.

तुरीच्या दिवसांत आमच्या भागातल्या कुठल्याही माणसाला तो तंतू ओळखता येतो. पोत्याचा ताग.

"बाई," मी म्हटलं, "यावर पोतं कुणी शिवलं?"

त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"पोतं न्हाई वो. फाटक्या पोत्याला निस्तं तोंड मारून बगितलं."

"पोतं दाभणानं शिवतात, हे मी तुम्हाला सांगायचं?"

"मला दाभण शिकवू नका टीचरबाई!" त्या उसळल्या. "लगीन होऊन आले तवापासून खळ्यावर दाभणच धरलंय. अन् शिवलं तवा चालत होतं की मशीन! दुसऱ्या दिवशी बंद पडलं. मला काय ठाव ते पोटात धरून बसलंय."

"मग दाभण असताना मशीनवर कामून बसलात?"

आता त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "ती शिवायली की आवाज येतोय बगा घरात. टक टक टक टक. मी चुलीपाशी असते, पर ध्यान तिकडंच. तिचे पाय कसे हालतेत, चाक कसं फिरतंय. एकदा ती पान्याला गेली तवा बसले. लई ग्वाड वाटलं."

"मग साधं कापड घ्यायचं ना."

"कापड? अन् बिघडलं म्हंजे? नवं कापड कुनी असं नासतंय का? पोतं बिघडलं तर कोन इचारतंय. पोतं आपलंच हाय."

मशीनच्या दृष्टीनं ही सगळ्यात वाईट निवड होती, आणि त्यांच्या दृष्टीनं सगळ्यात शहाणी.

"सुवर्णाला सांगायचं होतं, शिकव म्हणून."

"सासूनं सुनंला? शिकीव म्हनायचं? टीचरबाई, तुमी इंग्रजी शिकलेल्या. आमच्याकडं सून सासूकडून शिकती. उलटं झालं तर गाव हासंल. आधीच हासायलंय."

मग एकदम हात जोडून म्हणाल्या, "तिला सांगू नका. तुमाला सांगितलं तेवढं बास."

मी शटल पुसली, तेलाचे थेंब सोडले. तोवर सुवर्णा सुई घेऊन आली. तिच्यादेखत मी सुई बदलली आणि तिलाच मशीनवर बसवलं. मांजरपाटाच्या तुकड्यावर तिनं टीप मारली. रेघ ओढल्यासारखी सरळ. शेवंताबाईंनी तो तुकडा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, अंगठ्यानं टिपेवरून फिरवला.

"म्हंजे पोरीला येतंय," त्या म्हणाल्या. "अन् मशीन बी खरं हाय." असं म्हणून माझ्याकडे जरा घाबरून पाहिलं. दोघंही खरी, तर खोटं कोण, हा प्रश्न आता येणार होता.

तो यायच्या आत मी मास्तरकीचा आवाज काढला. "सुवर्णा, तुझं एक काम राहिलंय. सर्टिफिकेट मिळालं म्हणजे संपलं असं नाही. बाहेर पडलेल्या प्रत्येक मुलीनं घरातल्या एका माणसाला सरळ टीप शिकवायची, आणि त्याचा नमुना सेंटरला आणून दाखवायचा. तू आणला नाहीस."

असा नियम तेव्हा नव्हता, आधी नव्हता आणि नंतरही झाला नाही.

सुवर्णा गोंधळली. सासू-सासऱ्यांना ती आत्या-मामा म्हणायची. "कुणाला शिकवू टीचर? घरात मामा हैत, आत्या हैत, अन् हे तर रानात."

"ते तुमचं तुम्ही बघा. सरकारी नियम आहे."

शेवंताबाईंनी घसा खाकरला. सुनेकडे न बघता, कपाटाला उद्देशून म्हणाल्या, "आता सरकारच म्हनायलंय तर काय करता? मी बसते. गड्यांना कुठला येळ?"

सुवर्णानं पदर तोंडावर घेतला. हसली की रडली, मला दिसलं नाही. टेम्पोत मशीन चढवताना तिनं मला बाजूला घेतलं. "टीचर, दात्यात ताग मी बगितला होता. पर काढाया बसले की ताग कुठला ते निघनार. आत्याला कसं म्हनू?"

"आता म्हणू नकोस," मी सांगितलं. "फक्त शिकव."

साहेबांनी विचारलं, "काय निघालं?"

"केर अडकला होता."

"कसला केर?"

"तुरीचा सीझन आहे, साहेब."

"हां हां," म्हणून ते जेवायला गेले.

शेजारणी कापड घेऊन परत आल्या. लगेच नाही, पण आल्या. शेवंताबाईंनी नमुना आणला तो उशीच्या खोळीचा. टीप निर्ण्याच्या पायवाटेसारखी, मध्येच बांधावरून वळसा घेऊन येणारी. मी त्यावर "ठीक" असं लिहून सही केली. त्यांनी ती खोळ धुतली नाही म्हणे, सही जाईल म्हणून. पुढे परकर, खोळी, पिशव्या असं सरळ शिवण त्यांचं आणि ब्लाउज सुवर्णाचे, अशी वाटणी झाली. मग कुणी कधी बसायचं यावरून कुरबूर सुरू झाली, आणि तुरीला भाव बरा लागला त्या वर्षी दोघी मला घेऊन गुलबर्ग्याला दुसरं मशीन घ्यायला निघाल्या.

दुकानात मी जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. घरात रोज थोडं शिवायचं असेल, तर घरगुती हाफ शटल पुरतं. टेलरचं मोठं मशीन वेगानं पळतं, शिकणाऱ्याचं बोट सुईखाली जातं. मोटर नंतरही बसवता येते. आधी हळू चालवायला शिका. नक्षीचे टाके बघून भुलू नका, सरळ टाका जाडावर आणि पातळावर सारखा पडतो का ते पाहा. दुकानात जाताना स्वतःच्या घरातलं कापड घेऊन जा, दुकानदाराच्या तुकड्यावर सगळीच मशीनं छान शिवतात. आणि बिघडलं तर जवळपास दुरुस्त करणारा आहे का, हे रंगाच्या आधी विचारा.

शेवंताबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं, आणि काळ्यावर सोनेरी वेल असलेलं मशीन पसंत केलं. सुदैवानं ते हाफ शटलच होतं.

दुकानदार सुवर्णाकडे बघून हसला. "छान निवडलंत अक्का. सुनेसाठी का?"

"सुनंला हाय की एक," शेवंताबाई म्हणाल्या. "हे मला."

तर सई, ओंकार, घरगुती मशीन घेताना मशीनच्या आधी घर बघा. घरात नक्की कोण कोण शिवणार, हे दुकानदाराला ठाऊक नसतं. ते घरात विचारावं लागतं. आणि विचारलं तरी पहिल्यांदा कुणी खरं सांगत नाही.