खरपुडी, मुशी आन् आमचं साडू

आमच्या साडूंना वळखणारा माझ्यासारखा मानूस राहुरी तालुक्यात दुसरा न्हाई. फकस्त ते काय बोलत्यात ते मला आजवर एकदाबी कळलेलं न्हाई. शाळेनं मला लवकर सोडलं, म्हून दोष माझ्याच टकुऱ्याचा असंल.

साडू कोकनातून सुकी मासळी आनून बाजारात विकत्यात. तिकडं बंदरावर कुनी सांगितलं, की मुशी, म्हंजी तो दातवाला शार्क मासा, दर्यातून संपत चाललाय. तवापासून गिऱ्हाइकानं मुशी मागितली की हे त्याला बोंबील देनार आन् वर मुशीचं सुतक असल्यागत तोंड करनार.

त्यात आमच्या डोंगरावर खरपुडीचा येल घावला. कंदिलावानी फूल, खाली कंद. ल्हानपनी आमी ते कंद उकरून उकरून खाल्ले, त्यामुळं उरला हा एकच. साडू लग्नाच्या पंगतीतून उठून त्याच्यापाशी जाऊन बसायचे.

"मुशी आन् खरपुडी सख्ख्या भैनी, पाव्हनं," ते म्हनायचे. "दोघींना लेकरं कमी, आन् दोघींचा घास तुमच्यासारख्यांनी केला."

"पन ह्ये फूल माशी धरतंय की, मुशीवानी."

"धरतंय, आन् दुसऱ्या दिशी सोडतंय. तुमी घरी आलेला पाव्हना तरी येळंवर सोडता का?"

औंदा येलाला दोन शेंगा धरल्या. त्या वाळून फुटल्या की बी वाऱ्यावर डोंगरभर जानार. तेवढ्यात साडूंना लेकीच्या बाळंतपनाला नगरला जावं लागलं. "शेंगा फुटस्तोवर कुनाला हात लावू देऊ नका," म्हनाले.

उन्हात बसायचा मला कटाळा. मी डोकं चालवलं. येलाशेजारच्या धोंड्याला शेंदूर फासला, नारळ फोडला आन् घरी येऊन झोपलो. देवाच्या जाग्याला मेंढरं राखनारी मेंढकंबी कंदासाठी खुरपं लावीत न्हाईत.

मेंढकांनी न्हाईच लावलं. पन नवा देव निघाला म्हून गावातल्या बायका आल्या. जागा खुरपली, सारवली, कंद फेकला, आन् येल हिरव्या शेंगांसकट देवाच्या गळ्यात हार म्हून घातला. त्यात आमची मंडळी म्होरं.

साडू आलं. नातीचे पेढे खिशातच ऱ्हायले. सुकलेला हार हळूच काढून त्यांनी शेंगा दाबून बघितल्या. कवळ्याच हुत्या.

मी म्हनलं, "देवाला वाहिलं गेलं, पाव्हनं. सोनं झालं."

त्यांनी हार धोंड्यापाशी ठेवला. मग म्हनाले, "मुशीला दात तरी हाईत. हिला राखायला निस्तं तुमी हुता."