दोन बोटं कमी

“वय बसत नाही म्हणजे काय, मॅडम? पोर बसते ना बाकावर?”

“आजी, आवाज खाली. दुसरीला सात पूर्ण लागतात. ही पाचची आहे.”

“कागदावर पाचची. डोक्यानं नाही!”

धुळ्यातली शाळा, मुख्याध्यापिकेची खोली, आणि आम्हा दोघींच्या मध्ये स्टुलावर पाय हलवत बसलेली माझी नात तनू. भांडण असं मधूनच सांगायला घेतलं, कारण सुरुवात मला फारशी शोभणारी नाही. शेवट तर त्याहून नाही! सुनेनं सीनियर केजीचा फॉर्म भरून हातात दिला होता. “आई, फक्त देऊन या,” म्हणाली. फक्त! मला सांगितलेलं काम आजवर कधी फक्त तेवढंच झालंय का?

अहो, पोर पेपर वाचते. अग्रलेख नसेल, पण निधनवार्ता खडाखडा! वजाबाकी मी तिला केळीच्या फणीवर शिकवली. बारातली चार खाल्ली, किती उरली? तोंडात घास असतानाच उत्तर. अशा पोरीला पुन्हा ‘क’ कमळाचा गिरवायला बसवायचं? सून म्हणते, तिच्या वयाच्या पोरांत खेळू द्या. मी म्हणते, खेळ घरी! शाळेबाहेर थांबणं काय असतं, ते मला विचारा.

धरणगावाजवळच्या आमच्या खेड्यात जन्माचा दाखला कुणाकडे होता? गुरुजी म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून ने, डावा कान धर. कान सापडला की वय भरलं, जन्मतारीख एक जून. माझा हात दोन बोटं कमी पडला. “पुढच्या साली आणा,” गुरुजी म्हणाले. पुढच्या साली हात कानाला पोचला, पण तोवर कडेवर भाऊ आला होता. माय म्हणाली, “चाल घर, भाऊले सांभाय.” झाली शाळा! पुढे त्याच भावाला सोडायला जायची, तेव्हा खिडकीबाहेर उभी राहून अक्षरं उचलली आणि रात्री त्याच्या पाटीवर गिरवली. चौथीला तो नापास झाला, मी पास! निकाल कुणी लावला नाही, एवढंच.

तर मॅडमसमोर मी तनूला म्हटलं, “हात डोक्यावरून ने. धर कान!”

तिनं नेला. दोन बोटं कमी. तीच दोन बोटं हो!

मी हळूच तिची मान कलती केली. माझी तेव्हा कुणी केली नव्हती.

मॅडम हसल्या. (आजही मी तनूला सीनियर केजीत सोडायला गेले, की फाटकातून त्या मला बघतात आणि हात डोक्यावरून नेतात. मी दुसरीकडे बघते.) “आजी, आता कान चालत नाही. जन्मदाखला लागतो.”

इथं गप्प बसायचं होतं. बसले? छे!

“दाखला चुकलाय.”

“आणि आधार?”

“ते दाखल्यावरूनच काढलं. पोर सातची शे. नोंद दोन वर्षं उशिरा केली.”

“दवाखान्यात तारीख असेल की.”

“कुठला दवाखाना? बोदवडला झाली, आजोळी, घरातच. गाडी मिळाली नाही. सुईण मीच!”

खरं सांगू? तनू धुळ्यातल्या दवाखान्यात झाली, आणि नर्सनं मला दारातसुद्धा उभं राहू दिलं नव्हतं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “नाळ तुम्ही कापलीत?”

“मग? या हातांनी!” सत्तरी ओलांडल्यावर मी सुईण झाले, ती अशी.

मॅडम विचारात पडल्या. “तसं असेल तर प्रतिज्ञापत्र आणा. बघू.”

म्हणजे जमलं की! खिडकीबाहेर उभी असलेली ती परकरी पोर मला दारातून आत येताना दिसायला लागली. तेवढ्यावर उठायचं ना माणसानं? पण अभिमान मेला उठू देईल तर!

“हवी तर परीक्षा घ्या,” मी म्हटलं. “वजाबाकी विचारा. बठ्ठं येस तिले, सगळं!”

“बेटा, पंधरातून सात गेले?”

“आठ.”

“विसातून अकरा?”

“नऊ.”

मी पदर सावरून टेचात बसले. तनू मात्र अजून बोटं मोजत होती. “मॅडम, मला अजून एक येतंय.”

“बघा! स्वतःच गणित घालते पोर!” मी टेबलावर थाप मारली. “सांग माय, मोठ्यानं सांग. घाबरायचं नाही.”

तनू स्टुलावरून उतरली, हाताची घडी घातली आणि शेजारच्या वर्गापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली,

“परवा आई-पप्पांच्या केकवर सहा लिहिलं होतं, म्हणजे लग्नाला सहा वर्षं झाली, मग सातातून सहा गेले की एक उरतो, तर लग्नाच्या अल्बममध्ये मी कुणाच्या कडेवर आहे गं, आजी?”