तिसरी गाडी

लोक नव्या छोट्या गाडीसाठी नंबर लावत होते, तेव्हा मला हौसेखातर जुनी, उघड्या टपाची गाडी हवी होती. मिरजोळ्याचा आमचा मिस्त्री फणस पिकलाय का बघावं तसा गाडीचा पत्रा बोटांनी वाजवायचा आणि "नको" म्हणायचा. स्वस्तातल्या दोन गाड्या त्याने अशाच सोडायला लावल्या. तिसरी जयगडला आंब्याच्या पेट्यांमागे पडून होती. इंजिन बंद, चाकांच्या जागी विटा.

त्याने पत्रा दोनदा वाजवला.

"गंजलीय, पण कुजलेली नाय."

मग दार उघडून तो आत बसला. गाडीखाली शिरतानाही डोक्यावर असणारी काळी टोपी त्याने काढली, घडी करून खिशात ठेवली.

"बसा शेजारी," तो म्हणाला. "उघड्या गाडीत टोपी उडते."