देव्हाऱ्यात राहिलेलं बूच

बरगी धरणाच्या धक्क्याला माझी छोटी फायबरची बोट बांधलेली असते. ती सोडायच्या आधी मी जे काही करतो ते पाहून लोक आधी हसतात, मग कंटाळतात. बोट घेतली त्या वर्षी मी दहा मिनिटांत निघायचो. आता पाऊण तास लागतो. खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात सगळी नोकरी तपासणीच्या कामात गेली, पण एकच वस्तू चार-चारदा तपासायची सवय मला तिथं लागली नाही.

त्या रविवारी मुलगी पुण्याहून आलेली होती आणि संध्याकाळी तिची परतीची गाडी होती. जायच्या आधी तिला एकच गोष्ट पाहिजे होती, आईनं बोटीत बसावं. बायकोनं दोन वर्षं बोटीत पाय ठेवला नव्हता. "धक्क्यापर्यंत येते, पुढचं काही सांगत नाही," एवढं तिनं कबूल केलं, आणि तिथं पोचल्यावर पायऱ्यांवर मांडीवर पर्स घेऊन बसली. धरणावर दहानंतर वारा सुटतो. आम्ही साडेआठलाच पोचलो होतो. म्हणजे वेळ हाताशी होता, आणि तो घालवायला मी होतो.

आधी बोटीच्या तळाचं झाकण उचललं. आत हात घालून तळातल्या भोकाचं बूच चाचपलं. अंगठ्याएवढं पितळी बूच, आट्यांचं. ते घट्ट होतं. तळाशी पाणी आहे का ते टॉर्चनं पाहिलं, नव्हतं. झाकण लावलं. मग वाटलं, बूच खरंच घट्ट होतं की मला तसं वाटलं? झाकण पुन्हा उचललं.

"बाबा, तुम्ही बोट चालवून राहिले की चंद्रावर जाऊन राहिले?" मुलगी म्हणाली.

धक्क्याचा रखवालदार दोर गुंडाळत होता. तो हसला आणि त्याचं नेहमीचं वाक्य त्यानं टाकलं. "साहब, भाभीजी से ढक्कन ले लिया ना? कि अभी भी भगवान के पास ही है?"

बायको पाण्याकडे पाहत राहिली.

त्या वाक्यामागची गोष्ट आमच्या सगळ्या गोतावळ्याला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांसोबत मी बोटीचं सामानही पूजेला ठेवलं. पाना, इंजिन बंद करायची लाल दोरी आणि हे बूच. पावसाळाभर बोट काठावरच्या उतारावर असते, आत साचलेलं पाणी निघून जावं म्हणून बूच काढून मी घरी आणतो. दसऱ्याला दुपारी बोट पाण्यात घालायची होती. नागपूरहून मेहुणा आलेला, त्याला घाई. बूच देव्हाऱ्यात राहिलं आणि बोट पाण्यात गेली. पाणी खालून भरतं, लवकर दिसत नाही. दिसलं तेव्हा आम्ही काठापासून लांब नव्हतो, म्हणून निभावलं. पण उतरताना बायको घसरली आणि तिचं मनगट मोडलं.

तिथंच, ओल्या कपड्यांत, सगळ्यांसमोर मी ओरडलो, "पूजा हिनं मांडली, सामान हिनं बांधून दिलं! बूच काढून द्यायला नको?"

 तिलाही वाटलं असावं की आपलंच चुकलं.

मी झाकण शेवटचं एकदा लावलं आणि पेट्रोलच्या नळीकडे वळलो. नळीच्या मधोमध रबरी फुगा असतो. तो दाबत राहायचा, पेट्रोल इंजिनापर्यंत पोचलं की तो कडक होतो. त्या दिवशी तो कडक होईना. मी टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू पाहिला, उघडा होता. नळीचा जोड काढला, पुसला, पुन्हा लावला. दाबत राहिलो. हाताला पेट्रोलचा वास, कपाळावर घाम, आणि फुगा मऊ तो मऊच. सव्वानऊ झाले. साडेनऊ झाले.

पायऱ्यांवरून बायको म्हणाली, "राहू द्या ना. नाही होत तर नाही होत."

"तुला काय जातं बोलायला! बसलीस तिथं सावलीत," मी खेकसलो.

रखवालदाराला मराठी कळत नाही, पण सूर कळतो. तो खो खो हसला. "क्या साहब, आज भी भाभीजी का ही कसूर है?"

माझा हात फुग्यावरच थांबला.

"नहीं भैया," मी म्हणालो. "उस दिन भी नहीं था."

मुलीनं मान वर केली. आता थांबलो तर पुन्हा कधी जमणार नाही, हे मला कळत होतं. मी बायकोकडे पाहून सांगितलं. त्या दिवशी तिनं तिन्ही वस्तू फडक्यात नीट बांधून दिल्या होत्या. मीच फडकं सोडलं. हळदकुंकू लावलेल्या बुचाचा झेंडूसोबत फोटो काढायचा होता, ऑफिसच्या ग्रुपवर टाकायला. बूच देव्हाऱ्यात परत ठेवलं, फोटो काढला, तेवढ्यात मेहुण्यानं हॉर्न वाजवला. पाना आणि दोरी बांधून मी पळालो. धक्क्यावर ओरडलो तेव्हा मला खरंच हे आठवत नव्हतं. एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल.

"आठवलं कधी?" तिनं विचारलं.

"तुझं प्लास्टर घालून राहिले होते तेव्हा. मोबाइल उघडला, तर फोटोला लोकांनी हात जोडले होते."

 ती म्हणाली, "म्हणजे त्याच दिवशी. आणि सहा आठवडे रोज सकाळी माझी वेणी घालून देत होते तुम्ही. मी मैत्रिणींना सांगत होते, किती करतात म्हणून."

मी हातातला फुगा उगाच दाबला. 

"आत्ता काहून सांगून राहिले? पोरीसमोर चांगलं दिसावं म्हणून?"

"आई," मुलगी म्हणाली.

"तू थांब. लावा फोन, माझ्या भावाला. दर दसऱ्याला सोनं द्यायला येतो आणि चार लोकांत विचारतो, ताई, बूच दिलं का? लावा आत्ता."

मी फोन लावला. त्यानं उचलला नाही. "पुन्हा लावा," ती म्हणाली. तिसऱ्यांदा उचलला. मी पेट्रोलच्या हातानं फोन धरून सगळं सांगितलं. पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता, तो बंद झाला.

"भाऊजी," तो म्हणाला, "ताईला द्या."

फोन घेऊन ती धक्क्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. आमच्याकडे पाठ करून बोलत राहिली. एकदा तिनं पदरानं नाक पुसलं, एकदा हसल्यासारखी वाटली. मुलगी माझ्याकडे न बघता पायऱ्यांवर आईच्या जागी जाऊन बसली. काहीतरी करावं म्हणून मी नळीचा जोड आणखी थोडा फिरवून घट्ट केला, आणि फुगा चौथ्या दाबाला कडक झाला. इंजिन दुसऱ्या झटक्यात सुरू झालं. मागून इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची बारीक धार पडायला लागली, म्हणजे सगळं ठीक होतं. पण तोवर पाण्यावर सुरकुत्या उठल्या होत्या. रखवालदारानं हात हलवला. "आज नहीं साहब. हवा चल गई."

मला इतका राग आला की मी इंजिनाच्या झाकणावर थाप मारली. दोन वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली, तो मी असा घालवला.

मग सगळं उलटं करायचं. इंजिन बंद, नळी सोडायची, जॅकेटं पेटीत, वरून ताडपत्री. मुलगी सामान घेऊन गाडीकडे गेली होती. वाऱ्यानं ताडपत्री फडफडत होती, पुढचा एक कोपरा माझ्या हाताला येत नव्हता, आणि मी दोन्हीकडे धावत होतो.

बायको परत आली. तिनं फोन माझ्या खिशात कोंबला, चपला धक्क्यावर काढल्या, बोटीत उतरली, तो कोपरा ओढून गाठ मारली आणि माझा हात न घेता वर चढली.

"चला," ती म्हणाली. "पोरीला जेवून निघायचं आहे."

गाडीत ती मागच्या सीटवर बसली, मुलीजवळ. शहरातल्या मदन महालपर्यंत दोघी हळू आवाजात बोलत होत्या. मी आरसा खाली वळवून ठेवला, त्या दिसणार नाहीत असा.