पौर्णिमाचं काम

चकलांब्याच्या चौकात एप्रिलमध्ये जो फ्लेक्स लागला, त्याच्यावर पौर्णिमाचा हसरा फोटो होता आणि तिच्या मागून एक क्षेपणास्त्र धूर सोडत आभाळात निघालं होतं. ते कोणत्या देशाचं होतं कुणास ठाऊक, त्याच्या अंगावर रशियन अक्षरं होती. खाली लिहिलं होतं, 'देशाच्या संरक्षणाची धुरा वाहणारी चकलांब्याची लेक'. त्याखाली शुभेच्छुकांचे सतरा गोल फोटो. फ्लेक्स म्हटला की शुभेच्छुक आलेच. पहिला गोल अण्णांचा, म्हणजे पौर्णिमाच्या वडिलांचा. अण्णा म्हणजे गावचे जालिंदर टेलर, वय अठ्ठ्याहत्तर. फोटो काढताना श्वास रोखून धरल्यामुळे ते फ्लेक्सवर रागावल्यासारखे दिसत होते.

फ्लेक्स भीमजयंतीसाठी लागला होता. जयंती झाली, मिरवणूक झाली, मे उजाडला, तरी तो उतरला नाही. कारण अण्णा कुणाला उतरवू देत नव्हते. आणि नेमका तोच उतरवायला पौर्णिमा पुण्याहून निघाली होती.

पौर्णिमा सत्तेचाळीस वर्षांची. पुण्याच्या बाहेर, जिथं उंच भिंतीवर तारा आहेत आणि भिंतीच्या आत काय चालतं ते फाटकासमोरच्या चहावाल्यालाही ठाऊक नाही, अशा एका संरक्षण प्रयोगशाळेत तिची बावीस वर्षं गेली. सुरुवातीला ती टेबलाशी बसून सर्किटं जोडायची. ते तिचं खरं सुख होतं. पुढे बढत्या मिळाल्या तसं हातातलं काम सुटलं आणि हातात तक्ते आले. आता ती एका मोठ्या प्रकल्पाची प्रमुख होती, म्हणजे स्वतः काहीच बनवत नव्हती. पाच विभागांतली साठ माणसं जे बनवतात ते वेळेत व्हावं, नीट व्हावं, एकाचं दुसऱ्याशी जुळावं, म्हणून त्यांच्या मागे लागणं हे तिचं काम. दर सोमवारी दहाला आढावा. पेटी बनवणारे म्हणायचे, आतल्या यंत्राचं वजन वाढलं. यंत्र बनवणारे म्हणायचे, पेटीच लहान झाली. दोघांचं ऐकून घ्यायचं, दोघांनाही गोड बोलून तारीख घ्यायची आणि ती चुकली की पुन्हा गोड बोलायचं. बैठक संपली की फळा पुसायचा, कागदांचे तुकडे करणाऱ्या यंत्रात टिपणं घालायची आणि सगळं डोक्यात कोंबून घरी जायचं. घरी नवऱ्यालाही चकार शब्द सांगायचा नाही.

प्रकल्पाला मंजुरी मिळाली होती पाच वर्षांची. लागली अकरा. मुदतवाढ मागायला ती तीन वेळा दिल्लीला गेली आणि लांबलचक टेबलापलीकडच्या माणसांना 'उशीर का?' याचं उत्तर देऊन आली. उत्तर सोपं होतं. जे आजवर कुणी बनवलं नाही ते कधी होईल हे कुणाला सांगता येतं? पण तसं म्हणता येत नसतं, म्हणून ती आकडे दाखवायची.

तिच्या आईनं, मालनबाईंनी, एकदा तिला नेमकं गाठलं होतं. मालनबाई तरुणपणी ऊसतोडीला गेलेल्या. भाकरी थापता थापता त्यांनी विचारलं, तू तिथं करतीस तरी काय? पौर्णिमानं नियमात बसेल असं उत्तर दिलं, की माणसांकडून काम करून घेते.

"म्हंजी मुकादम," मालनबाई म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

पौर्णिमा तेव्हा पोट धरून हसली. नंतर दिल्लीच्या त्या टेबलासमोर उभी असताना तिला पटलं, की तिच्या पदाचा अर्थ नेमणुकीच्या पत्रात लिहिणाऱ्यालाही इतका नीट कळला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी मालनबाई बीडच्या दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होत्या. श्वास लागत असताना त्यांनी पौर्णिमाचा हात धरून विचारलं, तुमी बनवता ते हाय तरी कशाचं? पौर्णिमा म्हणाली, मशीन आहे आई. कशाचं मशीन? मशीनच गं. मालनबाईंनी मान हलवली आणि भिंतीकडं तोंड केलं. दोन दिवसांनी त्या गेल्या. मरणाऱ्या माणसानं ते कुणाला जाऊन सांगितलं असतं, हा प्रश्न पौर्णिमानं स्वतःला पुढं हजार वेळा विचारला. नियमाच्या पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं. आईची आठवण आली, की आधी ती भिंतीकडं केलेली पाठ आठवायची.

अण्णांचं दुःख निराळं होतं. त्यांना गावात सांगायला काहीतरी हवं होतं. कुणाची पोरगी नर्स, कुणाची तलाठी, कुणाची शिक्षिका, सगळ्यांच्या बापांना एका शब्दात सांगता यायचं. अण्णा म्हणायचे, लॅबमध्ये आहे. गावात लॅब म्हणजे रक्त-लघवी तपासायची. एकदा पौर्णिमा गावी आली तर निवृत्त मास्तर सुंदरराव स्वतःच्या साखरेचा रिपोर्ट घेऊन तिला दाखवायला आले. तिनं तो वाचला, गोड कमी खा म्हणून सांगितलं आणि त्यांना चहा पाजला, बिनसाखरेचा. अण्णा आतल्या खोलीत मशीनवर बसून होते. त्या दिवशी त्यांनी एका सदऱ्याची कॉलर दोनदा उसवली.

म्हणून जयंती जवळ आली तेव्हा त्यांनी धाकट्या मुलाला, समाधानला, फ्लेक्स करायला लावला. क्षेपणास्त्र समाधाननं मोबाइलवरून शोधलं, मजकूर अण्णांनी सांगितला. 'धुरा' हा शब्द त्यांचाच.

ज्या दिवशी तो चौकात चढला, त्याच दिवशी पौर्णिमा दूर एका वाळवंटात उन्हात उभी होती. तिच्या प्रकल्पाची शेवटची चाचणी होती. अकरा वर्षांत जे सात वेळा बिघडलं होतं, ते त्या दिवशी सलग चार तास चाललं, जसं चालायला हवं तसं. ज्यांना ते वापरायचं होतं त्या अधिकाऱ्यानं कागदावर सही केली. पत्र्याच्या शेडमध्ये पंचवीस-तीस माणसांनी टाळ्या वाजवल्या, चहा झाला, प्रत्येकी एक कचोरी मिळाली. ना वर्तमानपत्र, ना फोटो. तिला एकाच गोष्टीची घाई झाली होती, कुणाला तरी फोन करायची. फोन फाटकावर जमा होता. संध्याकाळी तो हातात आला तर अण्णांचे पाच मिस्ड कॉल.

तिनं लावला. अण्णा आनंदानं ओरडत होते. तुझा फ्लेक्स लागला, सुंदरराव उभा राहून वाचून गेला, दोनदा वाचला. पौर्णिमाच्या ओठांवर तिची बातमी आली होती. ती म्हणाली, बरं झालं अण्णा. फोन ठेवून ती अतिथीगृहातल्या खाटेवर बसली आणि भरपूर रडली. आनंद सांगता येत नाही तेव्हा तो दुःखापेक्षाही जड होतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

फ्लेक्सचा फोटो समाधानच्या स्टेटसवरून निघाला आणि फिरत फिरत पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेच्या सुरक्षा अधिकाऱ्याच्या फोनवर पोचला. अधिकारी सभ्य माणूस. त्यांनी आधी फोटो छान आल्याचं सांगितलं, मग तो उतरवावा लागेल असं सांगितलं, आणि घरच्यांनी कामाबद्दल काही टाकू नये हेही समजावलं. पौर्णिमानं समाधानला फोन केला. तो म्हणाला, ताई, मी हात लावला तर अण्णा मला उभं कापतील, तूच ये.

म्हणून ती निघाली. एसटीत खिडकीशी बसून तिनं ठरवलं, की अण्णांना सांगायचं. सगळं नाही, एकच वाक्य. वस्तूचं नाव नको, जागा नको, आकडा नको. ती वस्तू काय करते आणि तिच्यामुळं कुणाचा जीव वाचेल, एवढंच. कपाटाला कुलूप लावायचं राहिलं तर हाताखालच्यांना उभं करून बोलणारी ही बाई, वाक्यातला एकेक शब्द पारखून घेत होती. पाथर्डीपर्यंत वाक्य तयार झालं. आईच्या वेळी जे केलं ते पुन्हा करायचं नाही, हेही तिनं तिथंच स्वतःला बजावलं.

चौकात अण्णा फ्लेक्सच्या सावलीत बाकावर बसले होते. अंगात स्वतः शिवलेला नवा सदरा. तिला बघून ते आधी खूश झाले, मग घाबरले. असं मधेच का गं आलीस, म्हणाले. तिनं तिथंच बाकावर बसून सांगितलं, की हा उतरवायला लागतो, नियम आहे. अण्णांनी लिहिण्यात काही चुकलं का म्हणून विचारलं. नाही, लिहिणं चांगलं आहे, ती म्हणाली. पण ते मागचं रॉकेट माझं नाही.

"मग तुझं कोणतं?" अण्णांनी विचारलं. बावीस वर्षांचा प्रश्न होता तो.

घरी चला, ती म्हणाली.

घरी अण्णा सवयीनं मशीनपुढं बसले. पौर्णिमानं स्टूल ओढलं, समाधानला बाहेर पाठवलं, दार लोटलं.

"अण्णा, आमी जे बनवलंय ना..."

अण्णांनी तिच्या तोंडावर हात ठेवला. बोटांना मशीनच्या तेलाचा वास होता.

"सांगू नकू," ते म्हणाले. "माझ्या पोटात ऱ्हायाचं न्हाई. तुझं लग्न ठरायचं हुतं तवा पोरगा बघायच्या आदीच मी अर्ध्या गावाला सांगून बसलतो. ठाऊक न्हाई म्हणून आजवर गप ऱ्हायलो. ठाऊक झाल्यावर कसा गप बसू? तुझी नोकरी जाईल माझ्यामुळं."

पौर्णिमाला रागच आला. जन्मभर ज्यानं विचारलं त्यानंच आता कान झाकून घ्यावेत? तिनं त्यांचा हात बाजूला केला.

"आईला सांगितलं न्हाई अण्णा. तुमाला तरी सांगू द्या."

अण्णांनी मशीनच्या चाकावर हात फिरवला.

"तिच्या पोटात ऱ्हायलं असतं," ते म्हणाले. "तिलाच सांगायचं हुतं."

हे तिला इतक्या वर्षांत कुणी बोललं नव्हतं, आणि ते खरं होतं. ती मान खाली घालून बसली. तयार केलेलं वाक्य जिभेवर तसंच होतं, आणि ते घ्यायला जगात आता कुणी नव्हतं.

थोड्या वेळानं अण्णांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग खालच्या आवाजात, शेजारी ऐकू जाईल की काय अशा बेतानं, विचारलं.

"एवढंच सांग. झालं का ते?"

नियमानं हेही सांगायचं नसतं. पौर्णिमानं वर बघितलं.

"झालं."

"नीट?"

"लई नीट झालं अण्णा."

"मग बास," अण्णा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते. ते उठले, पायात चपला घातल्या आणि स्वतःच चौकात गेले. समाधाननं शिडी लावली, अण्णांनी खालून दोरी धरली. फ्लेक्स उतरला. त्याची त्यांनी पासोडीसारखी घडी घातली आणि कुणी विचारायच्या आत घरी नेऊन खाटेखाली सरकवली. पौर्णिमा मागं स्वयंपाकघरात भाकरी करत होती. तिच्या भाकरीला आईच्या भाकरीसारखे पदर सुटत नव्हते, कधीच सुटले नव्हते. जेवण झाल्यावर अण्णा कुठंतरी पानाला म्हणून गेले ते तासभर आलेच नाहीत.

चारच्या गाडीला पौर्णिमा निघाली. रस्त्यात सुंदरराव मास्तर भेटले. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, काम पार पडलं म्हणे, अभिनंदन. ती दचकली. पुढं पिठाच्या गिरणीतून कुणीतरी हाक मारली, ताई, झालं म्हणं काम, जय भीम. औषधाच्या दुकानातला माणूस काउंटरमागून उठून उभा राहिला. पौर्णिमाच्या डोक्यानं सवयीनं भराभरा हिशोब केला, की बाहेर काय गेलं. काहीच गेलं नव्हतं. काय बनलं, कशासाठी, कुठं, यातलं एक अक्षर कुणाला ठाऊक नव्हतं. पौर्णिमाचं काम झालं, एवढंच अण्णा दारोदार सांगून आले होते. तेवढंसुद्धा त्यांच्या पोटात राहिलं नव्हतं.

स्टँडवर छबुबाई भाजी घेऊन बसल्या होत्या. मालनबाईंच्या ऊसतोडीच्या सोबतीण, आता कमरेतून वाकलेल्या. त्या धडपडत उठल्या, दोन्ही हात पौर्णिमाच्या गालांवरून फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

"काय काम ते तुझ्या बापालाच ठाऊक न्हाई, मला काय कळायचं," त्या म्हणाल्या. "पण झालं म्हणं. लई बरं झालं, बाई."

गाडी उभी होती, लोक चढत होते. पौर्णिमानं छबुबाईंच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि भर स्टँडवर हुंदके देऊन रडली. छबुबाईंनी का रडतीस म्हणून विचारलं नाही, पाठीवर नुसता हात फिरवत राहिल्या. अकरा वर्षांच्या कामाला तो एक हात मिळाला. तिला तो आईचा हवा होता.