किती दिवस राहणार?

लग्न होऊन माझी थोरली बहीण, आपा, विलायतेला गेली. तिचा नवरा, आमचे दुलाभाई, तिकडे कुठल्याशा गावात कापडगिरणीत कामाला होते. जव्हारात अब्बांचं बांगड्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या माडीवर आमचं घर. आपा गेली तेव्हा अम्मा रडली नाही. तिचं पहिलं वाक्य हे होतं, "मला तिकडे जायचं तर काय करावं लागतं?"

त्या वर्षांत आपल्या लोकांना विलायतेला पाहुणं म्हणून जायला व्हिसा लागत नसे. आता कोणाला सांगितलं तर थाप वाटते. पासपोर्ट, परतीचं तिकीट आणि जावयाचं बोलावणं असलं की झालं. तिथल्या विमानतळावरचा साहेब विचारायचा, का आलात, किती दिवस राहणार. त्याचं समाधान झालं की शिक्का. एका खेपेला सहा महिन्यांच्या वर राहायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण परत आल्यावर पुन्हा केव्हा जाता येतं, हे धड कोणालाच सांगता येत नव्हतं. आणि जे कोणालाच ठाऊक नाही त्यातले जाणकार आमच्या गावात पैशाला पासरी. एक म्हणे, जितके महिने तिकडे, तितके इकडे काढायचे. दुसरा म्हणे, वर्षातून एकदाच. ज्याने आयुष्यात विमान जमिनीवर उभं पाहिलं नव्हतं, त्याचा आवाज सगळ्यांत मोठा. तिकीट काढून देणारा मुंबईचा एजंट तेवढा सरळ बोलला, "चाची, तुम्ही मेहमान आहात, राहायला आलेल्या नाहीत, एवढं साहेबाला पटलं पाहिजे."

पहिल्या खेपेला पटलं. आपाला मुलगी झाली होती. अम्माने नातीला तेल चोळलं, न्हाऊ घातलं आणि मुदत भरत आली तशी मुकाट परतली. पुढे आपाचं एक मूल पोटातच गेलं, तेव्हा अम्मा वर्षाच्या आतच पुन्हा निघाली. साहेबाने पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला. "एवढ्यात परत?" असं दुभाष्याकडून विचारलं, पण शिक्का दिला. तेव्हापासून आमच्या घरात धास्ती शिरली.

अम्मा परतली आणि थोड्याच दिवसांत आपाला पुन्हा दिवस राहिले. डॉक्टरने अंथरुणातून उठायला मनाई केली होती. ट्रंक कॉल घ्यायला मी पोस्टात गेले, तर ती एवढंच म्हणाली, "अम्माला पाठव." बाकीचा वेळ तिचं रडणंच ऐकत होते.

जवळच्या पोशेऱ्याची एक बाई आमच्याकडे बांगड्या भरायला यायची. तिचा हात मऊ करता करता अम्माने आपली काळजी सांगितली, की साहेबाने सोडलं तर जाता येणार. ती बाई हसायलाच लागली. "लेकीकं जायाला कोनाला पुसाया लागं?" पुढच्या बाजाराला तिने घरची नागली, म्हणजे नाचणी, आणून दिली, बाळंतिणीला आंबील करायला.

या वेळी बॅग मी भरली. मुक्काम ठोकल्यासारखं दिसेल ते सगळं बाहेर काढलं. मसाल्याचा डबा नको, गोधडी नको, खलबत्ता तर मुळीच नको. जास्तीचे कपडेही कमी केले. नागलीच्या पिठाची पिशवी तेवढी ठेवली. मग अम्माने आपल्या हाताने स्वतःचं कफन ठेवलं, आणि त्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. अब्बांबरोबर बोटीने हजला गेली तेव्हा तिने ते मक्केतल्या झमझमच्या पवित्र पाण्यात भिजवून आणलं होतं. भिवंडीला मावशीकडे मुक्कामाला गेली तरी ते तिच्याबरोबर असायचं, जपमाळ असते तसं. आम्हाला ते सामान वाटतच नसे.

पुढचं अम्माने परत आल्यावर सांगितलं. साहेबाने बॅग उघडायला लावली. उचकापाचकीत पिठाची पिशवी फुटली. मग त्याच्या हाताला ते पांढरं, बिनशिवलेलं कापड लागलं. हे काय, असं दुभाषी बाईने विचारलं. अम्मा म्हणाली, कफन आहे, माझं. बाईने ते इंग्रजीत सांगितलं, तसा साहेब खुर्चीत बसला.

"म्हणजे तुम्ही इथे मरायला आलात?"

"मी लेकीकडे आलेय. मरण कुठे गाठेल ते मी कसं सांगू?"

त्याच्या प्रश्नाला इतकं खरं उत्तर त्याला कोणी दिलं नसेल. त्याने मात्र म्हातारी कायमची आली, असा हिशेब केला आणि तिला परतीच्या विमानात बसवलं. आपा अंथरुणातून उठून आली होती. पोटाला हात लावून दाराबाहेर उभी होती. दुभाषी बाईने उरलेलं पीठ तिला नेऊन दिलं. अम्माला लेक दिसली नाही. "दार उघडायचं," ती सांगायची, "पण गर्दीच दिसायची."

आपाला मुलगा झाला. अम्माने त्याला फोटोतच पाहिलं. दुलाभाईंची गिरणी बंद पडली, आपाचं येणं लांबत गेलं. मग तिकडे जायलाही व्हिसा लागायला लागला. मी म्हटलं, अर्ज करू या. अम्मा म्हणाली, "त्यांच्या दारात जाऊन 'नाही' ऐकलं. आता इथे बसूनही 'नाही'च ऐकू?" त्यानंतर तो विषय तिने काढू दिला नाही. बॅगेतलं कफन पेटीत गेलं.

अम्मा गेली त्या दिवशी बायकांनी ते उलगडलं तर घडीत नागलीचं पीठ होतं. एकीने झटकायला हात उचलला. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, राहू दे.

आपाकडे तोवर तिकडचा पासपोर्ट होता, आणि त्या पासपोर्टावर आता इकडे यायला व्हिसा लागत होता. जिथे जन्मली त्या घरी यायला तिला रांगेत उभं राहावं लागलं. ती पोचली तेव्हा कबरीवरची माती सुकली होती. मुंबईच्या विमानतळावर आपल्या साहेबाने तिला विचारलं होतं, किती दिवस राहणार. मला तिथे जाऊन त्याचं डोकं फोडावंसं वाटलं.

निघायच्या आदल्या दिवशी तिने अम्माची पेटी उघडली. कितीतरी वेळ त्या रिकाम्या पेटीत तोंड घालून वास घेत राहिली. मग स्वतःच्या बॅगेतून एक पांढरं, बिनशिवलेलं कापड काढलं आणि पेटीत ठेवलं.

"तिकडे ठेवलं की मुलं घाबरतात," ती म्हणाली. "इथे असू दे."

मी विचारलं, "आणि तुला इथे कोण येऊ देणार?"

"तेव्हा कोण विचारतंय, किती दिवस राहणार म्हणून!"

पाऊस सरला की मी ते कापड उन्हात घालते आणि पुन्हा घडी करून ठेवते. आपा यावी असं मला रोज वाटतं. या कापडासाठी मात्र येऊ नये.