सासऱ्यांच्या कठड्याची उंची

माझे सासरे चाकूरचे. त्यांच्या भिंतीला लागून धाकट्या भावाचं घर. दोघांनी एकाच उन्हाळ्यात वरचा मजला चढवला आणि कुणाचं घर उंच यावरून एकमेकांशी बोलणं टाकलं. मी नांदेडला लग्नांचं ड्रोन शूटिंग करतो, म्हणून निवाड्याला मला बोलावणं आलं. सासऱ्यांची अब्रू माझ्या हातात! मला घामच फुटला.

काम तसं सोपं. ड्रोन गच्चीच्या कठड्याच्या बरोबरीला थांबवून फोटो काढायचा, आणि त्या फोटोच्या वेळेला ड्रोन किती उंचीवर होता ते फ्लाइट लॉगमध्ये, म्हणजे उड्डाणाच्या नोंदीत, बघायचं. सासऱ्यांच्या कठड्यासाठी ड्रोन अंगणातून उडवला. मग मी बॅटरी बदलली, तेवढ्यात सासूबाईंनी ड्रोनला हळदकुंकू वाहिलं. "आता ह्याला भुईवर ठिवायचं न्हाई, पाय लागतो," म्हणत त्यांनी तो बाजेवर मांडला. धाकट्यांच्या कठड्याकडे तो बाजेवरूनच गेला.

लॉग पाहिला. सासरे वीतभर उंच! त्यांनी लगेच पेढे वाटले, धाकट्यांच्या दारातही पुडा ठेवून आले. अन् मग माझी ट्यूब पेटली. ड्रोन जिथून उडतो तिथे त्याचं शून्य असतं. दुसऱ्या वेळी शून्य बाजेवर होतं. गुडघाभर बाज मिळवली की धाकटेच वरचढ.

मी भीत भीत सांगितलं. सासरे चिडले नाहीत, विचारात पडले. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"म्हंजी जितकं खालून उडवलं, तितकं घर उंच?"

"आकड्यात, मामा. खरं नव्हे."

"मागचा आड आटलाय, जावईबापू."

त्यांना नाही म्हणणारा जावई अजून जन्माला यायचाय. पाटाला दोर बांधून मला ड्रोनसकट आडात सोडलं. अर्ध्यावर दोर रहाटात अडकला. ना वर, ना खाली! मी लाजबिज सोडून बोंबललो. गल्ली जमली. धाकटे धावत आले, दोराला हात घातला आणि मजला चढल्यापासून पहिल्यांदाच भावाशी बोलले, "अण्णा, तुजंच घर उंच हाय! आधी जावयाला वर काढ!"

सासऱ्यांनी ते वाक्य सगळ्या गल्लीसमोर त्यांच्याकडून आणखी एकदा म्हणवून घेतलं. मगच मला वर काढलं.